रागे भरावे, की देवाजवळ मागावे?

आफ्रिका खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर, आज ज्याला ट्युनिशिया म्हणतात त्या देशात, सूस नावाचे बंदर आहे. सोळाशे वर्षांपूर्वी, रोमन बादशाहीच्या अमलात, त्याचे नाव हद्रुमेतुम होते. तेथे ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता, आणि इ. स. ४२६-२७ च्या सुमारास त्या मठात मोठे भांडण झाले. मठातली भांडणे बहुधा जमिनीवरून होतात, नाही तर मानपानावरून, हे आपणांस ठाऊकच आहे. हे भांडण मात्र देवाच्या कृपेवरून झाले. त्याची हकीकत त्या वेळच्या पत्रांतून आणि ग्रंथांतून आलेली आहे. ती आज सांगावीशी वाटते, कारण तोच प्रश्न आपल्या फडावर, दिंडीत आणि घरातही उभा राहतो.

त्या मठात फ्लोरस नावाचा साधू होता. तो मूळचा उझालिस गावचा. गावी गेला असता तेथे त्याच्या हाती संत ऑगस्टीन यांचे एक लांबलचक पत्र पडले. ऑगस्टीन हे हिप्पो नगराचे बिशप. हे हिप्पो म्हणजे आजच्या अल्जेरियातील अन्नाबा. पत्र आठ-नऊ वर्षांपूर्वी रोमच्या सिक्स्टस नावाच्या धर्मगुरूंना लिहिलेले होते. हेच सिक्स्टस पुढे पोप झाले. फ्लोरसला पत्र इतके भावले की त्याने त्याची नक्कल करून घेतली. तो स्वतः कार्थेजला गेला आणि त्याचा सोबती ती नक्कल घेऊन मठात परतला. मठाधिपती व्हॅलेंटिनस यांच्या कानावर काही न घालता ती फारशा न शिकलेल्या भावांपुढे वाचली जाऊ लागली. ग्रंथ गुरूवाचून वाचू नये असे आपल्याकडे सांगतात, त्याचे कारण पुढे जे झाले त्यात आहे.

पत्रातला सिद्धांत थोडक्यात असा. मनुष्य जे काही चांगले करतो ते देवाच्या कृपेने करतो. कृपा हे पुण्याचे बक्षीस नव्हे, पुण्य हेच कृपेचे फळ. शेवटी देव भक्ताचा गौरव करतो, तोही आपणच दिलेल्या देण्याचा गौरव असतो. लॅटिन भाषेत कृपेला 'ग्रातिया' म्हणतात, आणि त्याच घराण्यातला 'ग्रातिस' हा शब्द म्हणजे फुकट. ऑगस्टीन हा शब्दसंबंध पुन्हा पुन्हा दाखवतात. मोल देऊन मिळाली तर ती मजुरी झाली, तिला कृपा कसे म्हणावे?

हे ऐकून मठात दोन तट पडले. एक तट म्हणू लागला की सगळे कृपाच करते, तर माणसाच्या इच्छेला अर्थच उरला नाही. दुसरा तट घाबरला. त्याला वाटले, मग शेवटच्या न्यायाच्या दिवशी देव आपल्या कर्माचा हिशेब कशाचा घेणार? कर्म आपले नाहीच! फ्लोरस परत आला तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी आला. गावोगावच्या विद्वानांना विचारून झाले, उझालिसचे बिशप इव्होदियस यांचे पत्रही आले, पण कोणाचे समाधान होईना. अखेर क्रेस्कोनियस आणि फेलिक्स हे दोन तरुण साधू मठाधिपतींचे पत्र न घेताच निघाले आणि ज्यांनी तो सिद्धांत लिहिला त्या ऑगस्टीन यांच्याच दारी हिप्पोला जाऊन उभे राहिले.

येथे थोडे मागे जाऊन पूर्वपक्ष सांगितला पाहिजे, कारण पूर्वपक्ष कळल्याशिवाय सिद्धांताचे वजन कळत नाही. हा पूर्वपक्ष पेलागियस यांचा. ते मूळचे ब्रिटनचे, रोममध्ये राहिलेले, आचरणाने कडक आणि साधे. रोममधले नामधारी ख्रिस्ती सुखात लोळत होते आणि विचारले की म्हणत, आम्ही दुबळे, आम्ही काय करणार. पेलागियस यांना याची चीड होती. ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनपर ग्रंथात एके ठिकाणी अशी प्रार्थना आहे की, देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे. ती प्रार्थना कोणी वाचून दाखवली तेव्हा पेलागियस यांना ती सहन झाली नाही, असे ऑगस्टीन यांनीच पुढे नमूद केले आहे. पेलागियस यांचे म्हणणे असे की, देवाने बुद्धी दिली, इच्छा दिली, धर्मशास्त्र दिले, पुढे ख्रिस्ताचे उदाहरण घालून दिले. आता चालायचे काम तुझे. देव अशक्य गोष्ट सांगेल कशाला?

वाचकहो, हा पक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पेलागियस यांचा निषेध ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने केला आणि कॅथलिक परंपरेत ते पाखंडी ठरले. पण त्यांच्या मनातली तळमळ सच्ची होती. आपल्याकडेही माळ घालून वाटेल तसे वागणाऱ्याला पाहून ज्याचे रक्त तापले नाही, तो वारकरी कसला?

ऑगस्टीन यांचा अनुभव निराळा होता. तारुण्यात आपण काय करावे हे त्यांना पक्के ठाऊक होते, पण करवत नव्हते. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःच्या इच्छेशी कुस्ती केली आणि हरले. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरात त्यांचे मन पालटले, आणि ते आपण पालटले असे त्यांना एकदाही वाटले नाही. ज्ञान मिळाले की काम झाले, हे त्यांना पटेना. रस्ता दिसणे वेगळे आणि पायात बळ येणे वेगळे. पेलागियस यांच्या कृपेत रस्ता दाखवणे होते, पायातले बळ नव्हते.

आता हिप्पोकडे वळू. ऑगस्टीन तेव्हा बहात्तरीचे होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. कामाचा डोंगर होता, प्रकृती तोळामासा होती. तरीही पत्राशिवाय आलेल्या त्या पोरांना त्यांनी हाकलले नाही. ईस्टरचा सण होईपर्यंत ठेवून घेतले, पेलागियसच्या प्रकरणाची सगळी कागदपत्रे वाचून दाखवली, आणि सिप्रियन या शहीद झालेल्या बिशपांनी ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेवर लिहिलेला ग्रंथ त्यांच्यासोबत वाचला. वाद कृपेचा, आणि पाठ प्रार्थनेचा! मला वाटते, सगळ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. आपण देवाजवळ जे मागतो ते आपल्या हातचे असते तर मागितले कशाला असते? 'मला मोहात पडू देऊ नकोस' असे रोज म्हणणारा माणूस, मोह टाळणे माझ्या एकट्याच्या हाती नाही, हे रोज कबूल करत असतो. विद्वानांना जो सिद्धांत वादात सापडत नव्हता तो अडाणी म्हातारी दोन्ही वेळेला हात जोडून म्हणत होती.

त्या साधूंबरोबर ऑगस्टीन यांनी कृपा आणि स्वतंत्र इच्छा या विषयावर एक ग्रंथ लिहून पाठवला. त्याची मांडणी सरळ आहे. धर्मग्रंथात आज्ञा आहेत, म्हणून माणसाला इच्छा आहे, नाही तर आज्ञा कोणाला करायची? आणि धर्मग्रंथात प्रार्थना आहेत, म्हणून कृपा आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात एके ठिकाणी हृदय नवे करण्याची आज्ञा आहे आणि त्याच ग्रंथात पुढे नवे हृदय देण्याचे देवाचे वचन आहे. दोन्ही वाक्ये एकाच देवाची. आळंदीला शिकत असताना गीतेवरच्या पाठात आम्हांला हीच अडचण यायची. दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की प्रेमाने भजणाऱ्याला माझ्यापर्यंत येण्याची बुद्धी मीच देतो. अठराव्यात म्हणतात की सगळा विचार करून तुला हवे ते कर, आणि लगेच पुढे, सगळे सोडून मला शरण ये. अर्जुनाची इच्छा मोडून शरणागती मागितलेली नाही.

ग्रंथ पोचला. फ्लोरसला माझ्याकडे पाठवा, असे ऑगस्टीन यांनी कळवले होते, त्याप्रमाणे मठाधिपतींनी त्याला पाठवले. त्याच्याशी बोलून ऑगस्टीन यांना फार आनंद झाला. ज्याच्यावर सगळा ठपका होता त्यालाच सिद्धांत नीट कळलेला होता! पण मठातून एक नवी बातमीही आली. तेथे कोणी असे म्हणू लागला होता की, देवाची आज्ञा न पाळणाऱ्याला कोणी रागे भरू नये, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करावी. मला बळ मिळाले नाही म्हणून मी चुकलो. बळ देणारा देव. मग मला का बोलता? त्याच्याजवळ मागा.

हे वाचले तेव्हा मला एका गावचा सप्ताह आठवला. कीर्तनात दारूवर बोललो होतो. कीर्तन झाल्यावर पन्नाशीचा एक गृहस्थ पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, पांडुरंगाच्या मनात आलं की सुटेल. त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पान हलत नाही." त्याची कारभारीण मागेच उभी होती. ती म्हणाली, "गुत्त्याकडं जाताना पाय कुणाच्या इच्छेनं हलत्यात, ते इचारा की महाराज."

त्या माउलीने मोजक्या शब्दांत जे विचारले त्यावर ऑगस्टीन यांनी आणखी एक ग्रंथ लिहिला. नाव 'कानउघाडणी आणि कृपा' असे म्हणता येईल. त्यात ते आधी त्या साधूचे म्हणणे शेवटपर्यंत ताणून दाखवतात. रागे भरू नका, फक्त प्रार्थना करा, असे असेल तर शिकवूही नका, आज्ञाही करू नका, फक्त प्रार्थना करा, असेच म्हणावे लागेल. पण प्रेषित पौल तिन्ही करत होता. काय करावे ते सांगत होता, न करणाऱ्याची कानउघाडणी करत होता, आणि त्याच माणसासाठी देवाजवळ रडतही होता. त्याला यात विरोध दिसला नाही.

मग ते खरा मुद्दा काढतात. कानउघाडणीने दुःख होते. ते व्हावे म्हणूनच ती करायची. त्या दुःखातून स्वतःचा दोष दिसतो, दोष दिसला की माणूस हात जोडतो, आणि मागणाऱ्याला मिळते. म्हणजे ज्या प्रार्थनेच्या नावाने तो साधू बोलणे टाळू पाहत होता, त्या प्रार्थनेपर्यंत त्याला नेणारी वाट बोलण्यातूनच जात होती. पण बोलणाऱ्यानेही फुशारू नये. शंभर जणांना तेच शब्द ऐकवले तर एखाद्याच्याच काळजाला लागतात, आणि लागतात ते आत बसलेला वैद्य हात लावतो म्हणून. कोण शेवटपर्यंत टिकणार आणि कोण नाही हे माणसाला कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच, पण प्रेमाने बोलावे, असा त्यांचा निर्णय आहे.

नारदांच्या गादीवर चाळीस वर्षे उभा राहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा. आमचा धंदाच कानउघाडणीचा. तुकोबारायांनी दांभिकांना जे शब्द वापरले आहेत ते आज कोणी व्यासपीठावरून बोलला तर मंडळी उठून जातील. आणि त्याच गाथ्यात, मी पतित, माझ्यात काही नाही, बोलविता धनी दुसराच, हा भाव पानोपानी आहे. ज्ञानोबारायांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढे मागितले. आमच्यातले काही कीर्तनकार हल्ली पहिली गोष्ट उचलतात आणि दुसरी विसरतात. लोकांना हसवून हसवून एखाद्याची अब्रू काढायची, याला कानउघाडणी म्हणत नाहीत. ज्याला बोललो त्याच्यासाठी घरी जाऊन कधी एक माळ ओढली का, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

ऑगस्टीन यांचे सगळेच मला पटते असे नाही, आणि ते सांगितले पाहिजे. एकाला कृपा मिळाली आणि दुसऱ्याला नाही, असे का? त्यांच्याकडे पूर्वजन्म नाही, त्यामुळे संचिताचे उत्तर त्यांना देता येत नाही. सगळी मानवजात पहिल्या पुरुषाच्या पापाने दोषी झाली, त्यातून देव ज्यांना निवडतो ते त्याच्या दयेने तरतात, बाकीचे त्याच्या न्यायाने मागे राहतात, आणि हा निवाडा गूढ आहे, येथे ते थांबतात. बाप्तिस्मा न झालेले तान्हे मूल गेले तर त्यालाही सौम्य का होईना पण शिक्षाच, असे त्यांनी लिहिले आहे. माझ्या मनाला हे मानवत नाही. पोराने आईच्या दुधाशिवाय जगात काही पाहिले नाही, त्याला कसली शिक्षा? त्यांच्याच धर्मपरंपरेलाही हे जड गेले असावे. मध्ययुगात त्या बाळांसाठी क्लेश नसलेली एक वेगळी जागा पंडितांनी कल्पिली, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशी बाळेही तरतील अशी आशा धरायला सबळ कारण आहे, असा अहवाल दिला. अर्थात आपल्या कर्मसिद्धांतानेही प्रश्न सुटतो असे नाही, तो मागच्या जन्मात ढकलला जातो. आणि अजामिळाच्या कथेत तर मरताना मुलाला मारलेल्या हाकेने सगळे खाते बंद होते. मग कर्माचा हिशेब कुठे राहिला? कृपा म्हटली की हिशेब तुटतोच.

ऑगस्टीन यांच्या हयातीतच दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय भागातील साधूंनी शंका काढली होती. त्यांच्यातले कॅसियन यांनी लिहिले की, कधी देव आधी येतो, जसा पौलाकडे आला. कधी माणूस आधी धावतो, जसा वधस्तंभावर शेजारी लटकलेला चोर. श्रीवैष्णवांत मांजराचे पिल्लू आणि माकडाचे पिल्लू हा वाद आहे ना, तोच जवळजवळ. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, माकडिणीच्या पिल्लाला आईला धरून राहावे लागते. पुढे ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ओरांज येथील सभेने निवाडा केला की श्रद्धेची सुरुवातही कृपेनेच होते, पण देव कोणालाही वाईटासाठी नेमून ठेवतो असे म्हणणे निषिद्ध आहे. तरी वाद मिटला नाही. १५८८ मध्ये मोलिना या जेझुइट पंडितांनी माणसाच्या संमतीला अधिक जागा देणारा ग्रंथ छापला, बान्येझ यांच्या बाजूच्या डोमिनिकन पंडितांनी तो तुटून पाडला, आणि रोममध्ये पोपांपुढे वर्षानुवर्षे बैठका चालल्या. शेवटी २८ ऑगस्ट १६०७ रोजी, ऑगस्टीन यांच्या सणाच्या दिवशी, पोप पाचवे पॉल यांनी ठरवले की दोन्ही पक्षांनी आपापले मत सांगावे, पण एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. कोण जिंकले, हे त्यांनी सांगितलेच नाही! मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

त्याच सुमारास आपल्या तुकोबारायांचा जन्म. आणि त्याच काळात गोव्याच्या साष्टी भागात थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचत होते, ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यांच्या संघाचे पंडित रोममध्ये कृपेच्या व्याख्येवर झगडत होते आणि हे आपल्या ओवीत कथा सांगत होते. आजही गोव्यातले कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेत 'कुर्पा' म्हणतात, वसईचे 'कृपा' म्हणतात. शब्द आपलाच आहे.

ऑगस्टीन यांचे शेवटचे दिवस सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. हद्रुमेतुमच्या साधूंना ग्रंथ पाठवल्यावर तीन-चार वर्षांत वांडाल टोळ्यांनी आफ्रिका धुऊन काढली आणि ४३० मध्ये हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने आजारी पडले. त्यांचे शिष्य पोसिदियस तेथेच होते, त्यांनी लिहून ठेवले आहे. दावीद राजाची पश्चात्तापाची स्तोत्रे ऑगस्टीन यांनी लिहवून घेतली आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. आयुष्यभर ज्यांनी बिशप म्हणून इतरांची कानउघाडणी केली ते पडल्या पडल्या ती स्तोत्रे वाचत आणि रडत. वैद्य येईल तेव्हा आणि जेवण येईल तेव्हा, याखेरीज कोणी आत येऊ नये, असे त्यांनी सांगून ठेवले. दहा दिवस असे गेले. २८ ऑगस्टला त्यांनी देह ठेवला. मृत्युपत्र केले नव्हते, कारण देवाच्या त्या गरिबाकडे देण्यासारखे काही नव्हते. ग्रंथ मात्र नीट जपून ठेवा, असे ते नेहमी सांगत. फ्लोरस आणि त्याच्या भावांसाठी लिहिलेले ते दोन ग्रंथ त्यांतच होते.